भुज : मोजणी, गल्ल्या आणि शेजार

१४ मार्च २००१
काम : नुकसानीची फेरतपासणी, वाणियावाडाकडचा भाग

२६ जानेवारीच्या भूकंपानंतर पहिल्या पाहणीत घरांना जी-१ ते जी-५ असे दर्जे दिले गेले. जी-१ म्हणजे बारीक तडे, जी-५ म्हणजे घर जमीनदोस्त. मदतीची रक्कम दर्जावर ठरते, त्यामुळे जी-३ की जी-४ यावर माणसांचा जीव टांगलेला आहे. ज्यांनी हरकत घेतली त्यांची घरं आम्ही पुन्हा बघतोय. आत शिरण्याआधी बाहेरून चारही कोपरे बघायचे, भिंतीला पोट सुटलंय का ते ओळंब्याने तपासायचं, मगच उंबरा ओलांडायचा. घरमालक बरोबर आत येऊ म्हणतो, त्याला बाहेर थांबवायचं.

इथे दोन तऱ्हेची घरं पडली आहेत. जुन्या तटाच्या आतली दगडाची, आणि बाहेरच्या नव्या वस्तीतली सिमेंट काँक्रीटची. काँक्रीटच्या बऱ्याच इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता, नुसते खांब. वरचे मजले भिंतींनी ताठ आणि खाली काहीच नाही, म्हणून सगळा झटका त्या खांबांनी घेतला आणि ते मोडले. अशा ठिकाणी पहिला मजला आज रस्त्याच्या पातळीला आहे.

जुन्या घरांपुढे उभी राहिले की मला सास्तूर-किल्लारी दिसते. तीच जाड भिंत, आत एक आणि बाहेर एक अशा दोन थरांची, मध्ये माती आणि चुरा भरलेला. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. हादरा बसला की थर एकमेकांपासून सुटतात, एक आत पडतो आणि एक गल्लीत. आमच्याकडे डोक्यावर माळवदाची माती होती, इथे नळीची कौलं आणि लाकडी सज्जे आहेत. एवढाच फरक.

किल्लारी १९९३ साली भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, झोन १ मध्ये होती. कच्छ कितीतरी वर्षांपासून सर्वाधिक धोक्याच्या झोन ५ मध्ये आहे. १८१९ साली रणात जमीन उचलली जाऊन अल्लाह बंद तयार झाला, १९५६ साली अंजार पडलं. किल्लारीत कुणाला माहीत नव्हतं आणि इथे सगळ्यांना माहीत होतं, तरी भिंत दोन्हीकडे तशीच बांधली गेली. हे मला स्वस्थ बसू देत नाही.

५ एप्रिल २००१

दुपारी जिन्याखाली माप घेत असताना जमीन हलली. धक्का लहानच होता. टेप धरणारा पोरगा माझ्याआधी बाहेर पोचला, ते चांगलं झालं. जानेवारीपासून असे धक्के चालूच आहेत. ज्यांची घरं धड आहेत तीही माणसं रात्री अंगणात झोपतात, आणि आता कुणी त्यांना आत जा म्हणत नाही.

उद्यापासून नियम : दोन माणसं आत, एक दारात, दार उघडं आणि दगड लावून टेकवलेलं.

११ मे २००१
काम : तात्पुरत्या निवाऱ्यांची यादी

ऊन फार आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी बारानंतर माणूस बसू शकत नाही. बायकांनी पत्र्यावर गोणपाट टाकलंय, त्यावर सकाळी बादलीभर पाणी मारतात. पाणी टँकरचं, म्हणजे तेही मोजून. काही जणांनी दारापुढे जुन्या घराच्या तुळया रोवून वर चादर बांधली आहे आणि दिवस तिथेच काढतात. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, पाहुण्यांचं बसणं, सगळं त्या चादरीखाली. सरकारी नकाशात ही चादर नाही. मी यादीत ‘मांडव’ असा रकाना घातला. कायमची घरं आखताना ओसरी का हवी हे कुणी विचारलं तर दाखवायला उपयोग होईल.

बाजार रस्त्याच्या कडेला आला आहे. सराफ, कापडवाला, औषधवाला, पत्र्याच्या केबिनी ओळीने. सराफाकडे तिजोरी ढिगाऱ्यातून काढलेली, एका बाजूने चेपलेली, पण कुलूप चालतं. दाबेलीच्या लाऱ्या सर्वांत आधी सुरू झाल्या असं सगळे सांगतात. शाळा तंबूत, बँक तंबूत. जुबिली मैदानावर रेडक्रॉसने उभारलेलं इस्पितळ हेच बरेच दिवस शहराचं इस्पितळ होतं, कारण सिव्हिल हॉस्पिटलची इमारत स्वतःच कोसळली. ज्या इमारतीवर बाकीच्यांची भिस्त तीच पहिल्या मिनिटात गेली. भूकंपात मेलेल्यांची मोजणी होते, पण इस्पितळ उभं असतं तर कितीजण वाचले असते याचा आकडा कुणी काढू शकत नाही.

स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर लातूर-उस्मानाबादकडच्या बायका कच्छच्या गावांत आल्या आहेत. एका गावात त्यांची बैठक होती, मी गेले. नऊवारीतल्या आपल्या बायका आणि कच्छी भरतकामातल्या इथल्या, मध्ये दुभाष्या एक शिक्षिका. मला वाटलं होतं बोलणं अवघड जाईल. उमरग्याकडच्या एका काकूंनी पहिलंच विचारलं, “तुमच्या घराचा पाया कुणी बघितला? तुम्ही की मालकानं?” मग सिमेंट ताजं आहे का हे पोत्यात हात घालून कसं ओळखायचं, गवंडी पाणी मारायला टाळत असेल तर काय करायचं, हप्ता कधी मागायचा, असं दोन तास चाललं. किल्लारीत दुरुस्तीच्या कामावर गावोगाव ज्यांनी देखरेख केली त्याच या बायका. मी ओळख सांगितली तेव्हा एकीने माझा हात धरून ठेवला, “बाई, इथल्या पोरींना कागद वाचायला शिकवा.” म्हणजे नकाशा वाचायला. शनिवारपासून निवाऱ्याच्या मांडवात ते सुरू करते.

२३ जून २००१

आषाढी बीज, कच्छी नवं वर्ष. काम बंद. शेजारच्या पत्र्याच्या खोलीतून लापशी आली. ‘तुमच्याकडचा पाडवा आम्ही बघितला, आता आमचा बघा,’ म्हणाल्या.

भुजात पाऊस म्हणजे हमीरसर. तलाव भरून वाहिला की शहर सुट्टी घेतं, ही जुनी रीत. यंदा तलावाच्या काठी उभं राहून पाण्याकडे बघणारी माणसं पुष्कळ आहेत.

३० सप्टेंबर २००१

किल्लारीच्या भूकंपाला आज आठ वर्षं झाली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गावं झोपली होती. सुमारे आठ हजार माणसं गेली. इथे सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झालं, प्रजासत्ताक दिनाला, मुलं झेंडावंदनाला बाहेर होती. पुष्कळ मुलं त्यामुळे वाचली, आणि अंजारात नेमकी त्यामुळेच गेली, कारण प्रभातफेरी अरुंद गल्लीतून चालली होती आणि दोन्ही बाजूंची घरं तिच्यावर आली.

हे आज लिहून ठेवते, कारण उद्यापासून जुन्या शहराच्या नकाशाचं काम सुरू होतंय आणि सगळा वाद गल्लीवरच होणार आहे.

किल्लारी परिसरात ५२ गावं उठवून नव्या जागी बसवली. माझी पहिली नोकरी तिथली, पदविका घेऊन नुकतीच बाहेर पडले होते. घरं मजबूत बांधली गेली, त्याबद्दल मला कधीच शंका नाही. जमीन किती यावर घराचं माप ठरलं : २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. मी ज्या गावठाणांत काम केलं तिथे सारख्या मापाची घरं एका ओळीत आली. कागदावर सुबक दिसतं. पण जुन्या गावात भूमिहीनाचं घर सात हेक्टरवाल्याच्या भिंतीला भिंत लावून होतं. म्हातारीला रात्री ठसका लागला तर भिंतीपलीकडून आवाज यायचा, ‘उठू का?’ नव्या गावात रस्ता इतका रुंद की हाक पोचत नाही. पुढे कित्येक वर्षं मी त्या गावांत जात राहिले. लोक घराबद्दल तक्रार करत नव्हते. ते म्हणायचे, संध्याकाळ जात नाही.

भुजात मी हे पुन्हा होऊ देणार नाही असं म्हणायला मी कुणी मोठी अधिकारी नाही. पण मोजणीचा तक्ता माझ्या हातात आहे.

७ नोव्हेंबर २००१
काम : जुन्या शहराचा पायाभूत नकाशा, एक फळिया (गल्लीतली शेजारवस्ती) पूर्ण

जुन्या शहराच्या नगररचना योजना ८ भागांत होणार आहेत. आराखड्याचं काम अहमदाबादच्या एन्व्हायर्नमेंटल प्लॅनिंग कोलॅबोरेटिव्ह या संस्थेकडे आहे. आमच्यासारखी पथकं खाली जमिनीवर मापं घेतात.

अडचण ही की राडारोडा उचलताना जोतीही गेली. गल्ली होती तिथे सपाट मैदान आहे. सिटी सर्व्हेचे जुने नकाशे आहेत, पण त्यानंतर वाटण्या झाल्या, कुणी जिना वाढवला, कुणी मागची खोली भावाला दिली. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र मिलिमीटरपर्यंत माप देतं, पण कुठून मोजायचं हे ते सांगत नाही. ते माणसंच सांगतात.

म्हणून आम्ही असं करतो. एका फळियातल्या सगळ्यांना एकाच वेळी बोलावतो, वेगवेगळं नाही. चुना आणि दोरी त्यांच्या हातात. जे पक्कं आहे तिथून सुरुवात : विहीर, पिंपळाचा पार, देरी म्हणजे लहानसं देऊळ, दर्ग्याची पायरी, कुठे वाचलेला डेलीचा, म्हणजे वेशीसारख्या दाराचा, दगडी खांब. मग प्रत्येक जण आपला उंबरा दाखवतो आणि दोन्ही बाजूंचे शेजारी ‘हो’ म्हणतात तेव्हाच खुंटी ठोकायची. वाद झाला तर त्या खुंटीला लाल चिंधी, आणि पुढे जायचं.

आज एका आजोबांना आपलं घर सापडेना. तीन पिढ्या राहिलेलं घर, आणि मोकळ्या जागेत ते नुसते फिरत होते. पलीकडच्या बा, म्हणजे आजी, उठल्या. त्यांनी विहिरीपाशी पाठ लावली आणि चालत आल्या, डावीकडे वळल्या, थांबल्या, म्हणाल्या, “इथे तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी. मी रोज इथून विरजण द्यायची.” आम्ही तिथून माप घेतलं. जुन्या नकाशाशी अर्ध्या फुटाचा फरक निघाला. रोज विरजण देणाऱ्या हाताला जे ठाऊक असतं त्याची बरोबरी कुठलं यंत्र करील?

तक्त्यात मी एक रकाना वाढवला आहे, ‘शेजार’. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, समोर कोण, आणि कुणाशी रोजची देवघेव. सहकाऱ्यांनी विचारलं, याचा नगररचनेशी काय संबंध. मी किल्लारीबद्दल सांगितलं. पुढे कुणी काही बोललं नाही, सगळे भरू लागले.

गल्ल्यांबद्दल मात्र मला स्वतःशी खोटं बोलायचं नाही. जुन्या भुजात बंद गल्ल्या फार, एका तोंडाने आत जायचं आणि त्याच तोंडाने बाहेर. २६ जानेवारीला माणसं घराबाहेर धावली आणि गल्लीत सापडली. नंतर ढिगारा उपसायला यंत्र आत शिरेना, हातांनी दगड उचलावे लागले. त्या गल्लीत दिवसभर सावली असायची, मुलं सुरक्षित असायची, बायका ओट्यावर बसून भरत भरायच्या, हे सगळं खरं. तीच गल्ली मृत्यूचं कारण झाली हेही तितकंच खरं. रस्ते रुंद झालेच पाहिजेत, बंद तोंडं उघडलीच पाहिजेत. मी जिथे आग्रह धरते ती गोष्ट वेगळी : रस्ता सरकवा, पण सरकवताना फळिया फोडू नका. दहा घरं जिथे जातील तिथे दहाही जाऊ देत.

२६ जानेवारी २००२

सकाळी झेंडावंदन आणि ८ वाजून ४६ मिनिटांनी उभं राहणं, दोन्ही एकाच मैदानात. मुलांना राष्ट्रगीत म्हणवेना. शिक्षिकेने ते सुरुवातीपासून पुन्हा म्हणायला लावलं, आणि मला ते योग्य वाटलं.

काम बंद.

१८ जुलै २००२
काम : मसुदा नकाशावरची सुनावणी

सकाळपासून रांग. रस्ते रुंद करायचे तर प्रत्येकाच्या भूखंडातून थोडी जमीन जाणार. प्रमाण सारखं नाही : मोठ्यातून जास्त, लहानातून कमी, अगदी चिमुकल्यांतून काहीच नाही. हे तत्त्व मला मान्य आहे आणि लोकांनाही पटतं, जेव्हा ते नीट सांगितलं जातं. मे महिन्यापासून मांडवात नकाशा वाचायला शिकलेल्या बायका आज नवऱ्यांच्या पुढे उभ्या होत्या. “हा रस्ता सहा मीटर लिहिलाय, मग आमच्या कोपऱ्यावर साडेपाच का?” बरोबर होतं त्यांचं. रेषा दुरुस्त झाली.

नवा भूखंड जुन्या जागेच्या शक्य तितका जवळ द्यायचा हे धोरण आहे. आमच्या भागात ‘शेजार’ रकाना समोर ठेवून क्रमांक लावले. सगळं जमलं नाही. वळणावरची काही घरं दुसऱ्या बाजूला गेली. विहिरीवरून चालत आलेल्या बा आणि ते आजोबा एका भिंतीचे राहिले आहेत, ती जोडी मी आधी तपासली.

भाडेकरूंचं दुखणं मोठं आहे. मदत मालकाच्या नावावर येते. जुन्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहिलेली कुटुंबं आहेत, महिन्याला किरकोळ भाडं, घर मात्र मनाने त्यांचंच. ढिगाऱ्यात त्यांचंही सगळं गेलं. आज एक शिंपी आला होता. त्याच्याकडे भाड्याच्या पावत्यांचा गठ्ठा होता, नीट दोऱ्याने बांधलेला. त्याला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. आमच्या भागातल्या भाडेकरूंची वेगळी यादी करून वर पाठवते आहे. तक्त्यात त्यांचं नाव ‘शेजार’ रकान्यात आधीच आहे, कारण शेजाऱ्यांनी मालक-भाडेकरू असा भेद न करता नावं सांगितली.

१२ मार्च २००३
काम : भूखंडांचा ताबा, पायाची आखणी

जुन्या शहरात बांधकाम जोरात. चुन्याच्या रेघा, सळया, खडी, सेंट्रिंगच्या फळ्या, सगळीकडे धूळ. इमारतींच्या उंचीवर आता मर्यादा आहे. दगडी बांधकाम करणाऱ्यांना जोत्यावर, खिडकी-दाराच्या माथ्यावर आणि छपराखाली असे काँक्रीटचे सलग पट्टे घ्यावे लागतात. पट्टा चार भिंतींना कमरेला दोर बांधल्यासारखा एकत्र धरतो.

कच्छी मिस्त्रींचा हात दगडावर फार चांगला. पिढीजात काम. लोखंडाच्या बाबतीत मात्र समजावावं लागतं. खांबातल्या रिंगांचं टोक काटकोनात वाकवून सोडायची सवय आहे. काँक्रीटचं आवरण फुटलं की अशी रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोक १३५ अंशांत आत वळवलं तर ते काँक्रीटच्या गाभ्यात रुतून राहतं. आणि खांबाच्या दोन्ही टोकांपाशी रिंगांमध्ये ४ इंचांहून जास्त अंतर नको. हे बोलून पटत नाही म्हणून आम्ही पडलेल्या एका इमारतीचा खांब आणून ठेवलाय. मिस्त्री त्याच्याभोवती उकिडवे बसतात, उघडलेली रिंग बोटाने चाचपतात, आणि मग पुढे वाद घालत नाहीत.

सळया वाकवणाऱ्या बार-बेंडर पोरांना एका रिंगेमागे जास्त वेळ लागतो, तर मजुरी तीच. मालकांशी बोलून दर वाढवून घेतला. सुरक्षितता हवी तर वाकवणाऱ्या हाताला पैसे द्यावे लागतील.

बांधकाम तपासताना एक रीत दिसली. स्लॅब पडायच्या दिवशी शेजारचे सगळे पाणी मारायला येतात. ज्यांचं घर अजून सुरूही झालेलं नाही तेही.

२ ऑगस्ट २००३
काम : पुनर्वसन वसाहतीची पाहणी, मुंद्रा रोड

शहराबाहेर चार वसाहती आखल्या आहेत : मुंद्रा रोड, आरटीओ, जीआयडीसी, रावलवाडी. रस्ते रुंद, भूखंड मोकळे, हवा छान. ज्यांना जुन्या शहरात परत जायची भीती वाटते त्यांच्यासाठी हे बरंच आहे, आणि ती भीती कुणी हलकी मानू नये. एका बाईंनी सांगितलं, रस्ता रुंद असला की मला झोप लागते.

पण जी कुटुंबं एकेकटी आली आणि जी फळियासकट आली, त्यांच्यातला फरक पहिल्या फेरीतच कळतो. आमच्या भागातून गटाने अर्ज केलेल्यांना एका ओळीत भूखंड मिळाले. त्या ओळीत ओटे बांधून झालेत, एकीच्या दारात बाजरीचे रोटले आणि चौघींच्या पोरांचं जेवण. पलीकडच्या ओळीत घर पूर्ण, दाराला कुलूप, मालक दिवसभर जुन्या शहरात केबिनीशी बसलेला. संध्याकाळी येतो, झोपतो. अशा घरांची नोंद ‘वसलेलं’ अशी करायला मी तयार नाही. तक्त्यात ‘बांधलेलं’ आणि ‘वसलेलं’ असे दोन रकाने केले.

२० जानेवारी २००४
काम : काम सोपवण्याची तयारी

नवं सिव्हिल हॉस्पिटल या महिन्यात पंतप्रधान वाजपेयी यांच्या हस्ते सुरू झालं. सगळी इमारत शिसं आणि रबराच्या बेअरिंगांवर बसवली आहे, तंत्र न्यूझीलंडचं. जमीन हलली की खालचा भाग हलेल आणि वरचा त्यामानाने शांत राहील. तळघरात जाऊन ती बेअरिंगं पाहिली, हात लावून पाहिलं. जुनी इमारत डोळ्यांपुढे होती. हे आधी करता आलं असतं, तंत्र भूकंपाच्या आधीही होतं. प्रत्येक जिल्ह्याच्या इस्पितळाबद्दल हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, लातूरच्याही.

राहिलेली कामं, पुढच्या पथकासाठी :

लाल चिंधीच्या खुंट्या थोड्या शिल्लक आहेत, बहुतेक भावाभावांच्या. त्यांना एकत्र बसवा, वेगवेगळं बोलावलं तर महिने जातील.

भाडेकरूंची यादी तिसऱ्यांदा पाठवली आहे. शिंप्याची पावती त्यात जोडली आहे, मूळ त्याच्याकडेच ठेवलीय. त्याला मूळ कागद द्यायला लावू नका.

‘शेजार’ रकान्याच्या सगळ्या तक्त्यांची वेगळी प्रत काढली आहे. त्यातली नावं भूखंड विकले गेल्यावरही खोडू नयेत, नवं नाव बाजूला लिहावं.

मुंद्रा रोडच्या वसाहतीत पिठाची गिरणी नाही. बायका दळण डोक्यावर घेऊन जुन्या शहरात जातात. एका कुटुंबाची चक्की ढिगाऱ्यातून निघालेली, चालू अवस्थेत आहे, त्यांची बसवायची तयारी आहे. तीन फेज वीजजोडाचा अर्ज दिला आहे. सोमवारी जाऊन विचारा.